तांबटिणीची रिकामी ढोली

पाखरं घरं भाड्यानं द्यायची तेव्हाची गोष्ट. आंब्यावरची तांबट पक्षीण दरसाल चोचीनं नवी ढोली कोरायची. यंदा खालची जुनी रिकामी पडली, आणि बाई घरमालकीण होणार म्हणून फांदीवर नाचत सुटली.

कावळा आला. "ताई, ढोली तीन वर्षं माझ्या ताब्यात द्या. भाडेकरू असो नसो, रोज दोन उंबरं. हमी माझी!"

"अगं बाई, रोज दोन!" तिनं गिरकीच घेतली. मग वरच्या ढोलीतली अंडी आठवली. "पण राहणार कोण?"

"ते मी ठरवणार."

"आणि साप ठेवलास तर?"

"तरी उंबरं चुकणार नाहीत!"

"खायला कोण उरणार रे, मेल्या?" तिनं चोच उगारली, तसा कावळा उडाला.

मिळेल तेव्हा एक उंबर, या बोलीवर तिनं साळुंकीला ठेवलं आणि पुन्हा नाचायला लागली.