मागाहून ठेवलेली पाच अंडी

गोदेच्या काठी प्रतिष्ठान नगरात सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका बुरुडाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव वेणुक. वेशीबाहेर, नदीच्या उताराकडे जाणाऱ्या वाटेवर त्याचे घर होते. तो सुपे, टोपल्या आणि कोंबड्या झाकायची डालगी विणी. कमी बोले, आणि ज्या कामाला बसे ते पुरे झाल्याशिवाय उठत नसे.

त्याच्या शेजारीच रेवा राहत असे. तिचा नवरा मिठाच्या तांड्याबरोबर गेला की सहा-सहा महिने फिरकत नसे. घरात ती आणि आंधळी सासू, आणि परसात तीसेक कोंबड्या. त्यांच्या पिल्लांवर दोघींचे पोट चाले. रेवा कामाला वाघ होती, पण पायाला भिंगरी. भात शिजेपर्यंत चार वेळा झाकण काढी, आणि पेरलेला दोडका रुजला का म्हणून माती उकरून पाही. सासू म्हणे, "अगं, बूड टेक की जरा! तू बसलीस म्हणून आभाळ न्हाई कोसळायचं."

त्या वर्षी कोंबड्यांत मानमोडी शिरली. सकाळी धडधाकट दिसलेली कोंबडी संध्याकाळी मान पिळून पडलेली असे. पंधरा दिवसांत खुराडे ओस पडले. उरला एक कोंबडा, एक म्हातारी कोंबडी आणि कोंड्यात जपून ठेवलेली सात अंडी. म्हातारी अजून अंडे देई, पण उबवायला बसण्याचे तिचे दिवस सरले होते.

वेणुकाची तांबडी कोंबडी तेव्हाच खुडूक झाली होती. अंडी घालायचे थांबवून, उबवायच्या ओढीने कोपरा धरून बसली होती. तो आपण होऊन म्हणाला, "घेऊन जा तिला. निघतील त्यातली अर्धी पिल्लं माझी." त्या गावची रीतच तशी होती. अंडी एकाची, कोंबडी दुसऱ्याची, पिल्ले अर्धी अर्धी. जाताना त्याने बजावले, "खुराड्यातलं जुनं गवत जाळ, राख पसर. आणि एकदा बसवलीस की वरून एकही अंडं घालू नकोस, पोरी. एका दिवशी बसलेली एका दिवशी उठतात."

रेवाने मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी म्हातारीने अंडे दिले. ते हातात ऊन ऊन लागले आणि रेवाच्या मनाने घोडदौड सुरू केली. सातांची आठ झाली तर काय बिघडले? तांबडीला थोडेच मोजता येते? तिने स्वयंपाकाच्या हळदीच्या हातानेच हळूच ते पंखाखाली सरकवले. मग आणखी एक. नऊ दिवसांत अशी पाच अंडी आत गेली. दहाव्या दिवशी म्हातारीला मुंगसाने नेले. आता या घरच्या कोंबड्यांचा जो काही वंश उरला होता, तो सगळा तांबडीच्या पोटाखाली होता.

तेव्हापासून तर रेवाचा जीव टांगणीलाच लागला. दिवसातून दहा वेळा ती तांबडीला उचलून बघे. अंडे उन्हापुढे धरी, कानाशी हलवी, पुन्हा ठेवी. तांबडीने तिच्या मनगटाला चोचून चोचून फोड आणला, तरी हात राहीना. त्या हाताळण्याने पहिल्या सातांतले एक अंडे नासलेच.

एकविसाव्या दिवशी पहिल्या अंड्याला तडा गेला. आतून चोच दिसली आणि थांबली. रेवाने घटकाभर वाट पाहिली, म्हणजे तिच्या मते घटकाभर. मग नखाने कवच सोलायला घेतले. आतल्या पापुद्र्यातून रक्त आले. पिल्लू तिच्या तळहातावर दोनदा थरथरले आणि निपचित पडले. ती इतकी घाबरली की तिने ते पदराखाली लपवले, जणू आंधळ्या सासूला दिसणार होते.

बाकीची पाच मात्र सुखरूप निघाली. दुसऱ्या दिवशी तांबडी त्यांना घेऊन अंगणात उतरली आणि माती उकरू लागली. मागची पाच अंडी घरट्यात उघडी पडली. रेवाने तिला तीनदा धरून आणून बसवले. बाहेर पिल्ले चिवचिवत होती. तांबडी तीनदा उठली, आणि तिसऱ्यांदा उठताना अंडी तुडवता तुडवता राहिली. अति तेथे माती म्हणतात, ती रेवाला आता समोर दिसत होती. ती वेणुकाकडे धावली.

वेणुक आला. त्याने एक अंडे कानाशी धरले, दुसरे धरले. मग म्हणाला, "वाटणी करून टाकू. चालतीबोलती पाच तुझी. ही पाच माझी."

"ही? दादा, ही तर गार पडायला लागली!"

"म्हणूनच तर उशीर नको."

त्याने पाचही अंडी मऊ कापसात गुंडाळली, पोटाशी ठेवून वरून उपरणे बांधले, आणि आपल्या चुलीशेजारी भिंतीला टेकून बसला. वाकता येत नव्हते, म्हणून बांबू फोडणे बंद झाले. आधी फोडून ठेवलेल्या कामट्यांची तो जमेल तेवढी सुपे विणू लागला. जत्रा तोंडावर होती. टोपल्या घ्यायला आलेली माणसे दुसऱ्या बुरुडाकडे वळली. जाता जाता हसत, "वेणुक खुडूक झाला रे!" तोही हसे आणि दर प्रहराला अंडी हलक्या हाताने वळवी.

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू निघाले. रेवाला खरे तर आता निश्चिंत व्हायला हवे होते. तिच्या वाट्याची पिल्ले दाणे टिपत होती. पण ती दिवसातून दहादा वेणुकाच्या दारी येई, उंबऱ्यावर उभी राही आणि परत जाई. तिसऱ्या दिवशी तिला राहवले नाही.

"दादा, तांबडीचा दोष न्हाई. ही अंडी मी मागनं घातली. तुम्ही नको म्हणाला होता, तरी."

"ठाऊक आहे," वेणुक म्हणाला. "दहाव्या दिवशी तांबडीला बघायला आलो होतो ना, तेव्हाच दिसलं. पाच अंड्यांना तुझ्या हातची हळद होती."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो असतो, तर भीतीनं तू ती काढून टाकली असतीस. आत जीव धरला होता."

रेवाला तोंडात मारल्यासारखे झाले. कोणी रागावले असते तर तिने दोन शब्द उलट तरी दिले असते. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडली. मग तिने पाहिले की वेणुकाचे डोळे लाल आहेत आणि दात वाजत आहेत. त्याला ज्वर चढला होता.

त्याने उपरणे सोडले. "माझं अंग भाजतंय. एवढी धग त्यांना सोसायची न्हाई. तू घे."

"मी? दादा, मला घटकाभर एका जागी बसवत न्हाई. माझ्या हातनं ती मरतील. एक मारलंय मी."

"असेल. पण दुसरं कोण आहे?"

रेवाने चार अंडी पोटाशी बांधली आणि वेणुकाच्या चुलीशी बसली. वेणुक पलीकडे खाटेवर पडला. सासू भिंत चाचपडत पेज आणी, दोघांना पाजी आणि परत जाऊन पिल्ले राखी.

पहिला दिवस रेवाला वर्षासारखा गेला. पायांना मुंग्या आल्या. आपले चुलाण धुमसत असेल, दोडक्याला पाणी नसेल, पिल्ले कुंपणाबाहेर गेली असतील, असे नाना विचार तिला टोचत राहिले. प्रत्येक विचारासरशी ती उठू पाही, पोटाशी अंडे लागे, आणि ती पुन्हा टेके.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणावर घार फिरली. तांबडी ओरडली, पिल्ले किंचाळली. रेवा ताडकन अर्धी उठली. एक अंडे उपरण्यातून निसटता निसटता तिने धरले. तिची सगळी चालती दौलत बाहेर होती. ती आहे तिथूनच ओरडली, "आत्याबाई, डालगं! तांबडीवर डालगं टाका!" मग काही ऐकू येईना. ती काळीज मुठीत धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने सासूचा आवाज आला, "आहेत गं, पाचही आहेत. माझाच गुडघा फुटला." रेवा हसली आणि रडलीही, पण उठली नाही.

सहा दिवसांत दोन पिल्ले निघाली. एक अंडे आतल्या आत विझले. शेवटच्याला सकाळी तडा गेला, चोच दिसली आणि थांबली. दुपार झाली तरी हालचाल नाही. आतला आवाजही बंद झाला. रेवाचे नख कवचाच्या कडेला जाऊन टेकले. एवढासा टवका काढला तर काय होईल? किंवा न काढला आणि ते गुदमरले तर? वेणुकाचा ज्वर त्या सकाळीच उतरला होता. तिने त्याच्याकडे पाहिले. तो झोपला होता, विचारायची सोय नव्हती.

तिने नख काढले. उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर आपला सगळा भार टाकून बसली. हात बधिर झाला. चुलीतले निखारे राखेने झाकले गेले. ऊन दारातून सरकत उंबऱ्याबाहेर गेले. मग कवचात एक टकटक झाली. थांबली. पुन्हा झाली. तडा हळूहळू गोल फिरला, टोपी उडाली, आणि ओले, विद्रूप, मान टाकलेले पिल्लू तिच्या मांडीवर पडले. थोड्या वेळाने त्याने मान उचलली.

वेणुक जागा झाला तेव्हा त्याने विचारले, "झालं सगळं? मग ऊठ आता. मोकळी झालीस."

रेवा म्हणाली, "पिसं वाळू देत त्याची. बसते जरा."

विहारात जमलेल्या भिक्खूंना ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान, म्हणाले, "भिक्खूंनो, ती आंधळी सासू म्हणजे या विहारात रोज पेज वाढणारी थेरी, ती वृद्ध भिक्खुणी. तांबडी म्हणजे आपल्याला भोजन देणारी गावातली उपासिका, जिला आपल्या घरच्यांपुढे दुसरे काही सुचत नाही. आणि रेवा म्हणजे मागल्या रांगेतला भिक्खू वारण. या वर्षावासात, पावसाळ्याच्या मुक्कामात, त्याने ध्यानाची चार ठिकाणे बदलली, आणि आज सकाळी तो भिक्षापात्र बांधून निघायच्या तयारीत आहे. तो बुरूड मीच होतो."

सगळे मागे वळले. वारणाच्या खांद्यावर झोळी होती. तो शरमेने लाल झाला. शास्ता त्याला फक्त एवढेच म्हणाले, "वारणा, एकदा तुला जमले आहे."

वारणाने झोळी उतरवली आणि तो होता तिथे बसला.

ज्याला स्वतःच्या हातावर बसता येते, त्याच्या पोटाशी दुसऱ्याचा जीव वाढतो. या गुणाला क्षांती, म्हणजे धीराने सोसणे, म्हणतात.