तरसवाडीत चूल शेजारीण पेटवते

नजर जाईल तिथवर गवताचा माळ, आणि मधोमध ओंजळभर घरांची तरसवाडी. वाडी एवढीशी, पण तिची ग्रामपंचायत स्वतंत्र आहे. पाहुण्यांना याचे हसू येते. मग वाडीतले म्हातारे बिरूआबा पटका सावरत म्हणतात, "हसा, हसा! ह्ये गाव एका म्हातारीनं चुली पेटवून राखलंय, ठावं हाय का?" आणि बसतात सांगायला.

राजवट कोणाची ते आबांनाही ठाऊक नाही. तेव्हा म्हणे चूल पेटते ते गाव, नाही पेटत ते ओसाड. ओसाड गावाचा माळ शेजारच्या गावाला जोडून टाकत. तरसवाडीचे धनगर दिवाळी सरली की मेंढरे घेऊन कोकणात उतरत. त्या वर्षी गुडघा सुजला म्हणून म्हातारी थकुबाई तेवढी मागे राहिली. आणि नेमकी तेव्हाच खबर आली, की मामलेदार पाहणीला निघालाय आणि शेजारगावचा पाटील त्याला इकडेच आणतोय. पाटलाचा या माळावर कधीचा डोळा होता.

थकुबाईने वाडीकडे पाहिले; पेटती होती ती तिची एकटीची चूल. एका चुलीच्या धुराला गाव कोण म्हणणार? सगळ्याच पेटवायला हव्यात. पण त्या लोकांत दुसऱ्याच्या हाताने चूल पेटते, ती घरात मयत झाली तरच. वाटेवर तिचा लेक होता, पोटुशी सून होती, सारी वाडी होती. "माझ्या हातानं त्यांचं मरण बोलवू काय गं बया?" असे ती उंबऱ्यावर बसून स्वतःलाच विचारत राहिली. पण माळ गेला तर मेंढरे चरणार कुठे, आणि माणसे परतणार तरी कशाला?

शेवटी तिने बिरोबाला हात जोडले. "द्येवा, काय वंगाळ यायचं ते माझ्या एकटीवर येऊ दे." मग लंगडत लंगडत दारोदार फिरली, गोवऱ्या रचून विस्तव घातला. लेकाची चूल तिने शेवटाला ठेवली होती. तीही पेटवली.

मामलेदार आला तो प्रत्येक छपरातून धूर! पाटलाचे तोंड एवढेसे झाले.

"माणसं कुठायत?"

"मेंढरांमागं, सायेब."

यात खोटे काय होते? गाव राहिले.

म्हातारीला मात्र अन्नपाणी गोड लागेना. लांबवर कुत्रे भुंकले तरी ती लंगडत दारात येई. कुणाचा निरोप घेऊन तर कोणी येत नसेल?

पावसाच्या तोंडावर मेंढरे परतली. बायकांनी जाताना सारवून ठेवलेल्या चुलीत राख पाहिली आणि एकच आकांत केला, "कोण गेलं गं?" कोणीच गेले नव्हते. सुनेच्या कडेवर तर बाळ होते. थकुबाईने सारे सांगितले आणि धाकट्या जावेला, मैनाला, म्हणाली, "आता माझी चूल तू पेटव. मरण यायचं ते माझ्याच घरी येऊ दे, नवस फिटू दे."

मैना तणतणत उठली. "तुमी एकट्यानं मरायचं आन् आमी बगत बसायचं व्हय?" तिने थकुबाईची चूल पेटवली आणि दारात येऊन ओरडली, "आता माझी पेटवा कुणीतरी! साऱ्याजणी एकमेकींच्या पेटवा. मरणाला यायचंच आसंल तर बसू दे घर हुडकत!"

आजही मेंढरे परतली की त्या दिवशी तरसवाडीत कोणी बाई आपली चूल आपण पेटवत नाही. आणि थकुबाई? ती पुढे इतकी जगली, इतकी जगली, की शेवटी तिलाच कंटाळा आला, असे सांगतात.