दुसऱ्या पंगतीचे रोडगे

मुलांनो, सागाच्या एका रानात वणवा विझवणाऱ्या जनावरांची टोळी होती, आणि त्या टोळीला जेवू घालणारी एक अस्वलीण होती. अस्वलीण चूल कशी पेटवते, असे मला विचारू नका. गोष्टीतली अस्वलीण पेटवते, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली पेटवते.

टोळीचा नाईक होता एक गवा. त्याच्या हाताखाली रानडुकरे, वानरे आणि काही सांबरे होती. कुठे धूर दिसला की रानडुकरे मुसंडी मारून पाचोळा उकरीत आणि उघड्या मातीचा पट्टा काढीत, म्हणजे आगीला पुढे सरकायला वाटच उरत नसे. वानरे ओल्या फांद्यांनी ज्वाळा झोडपीत. गवा आणि सांबरे खुरांनी माती लोटीत. असली कामे रिकाम्या पोटी होत नाहीत. म्हणून ओढ्याकाठी अस्वलिणीचा मोठा हंडा चुलीवर चढलेला असे. त्यात तुरीचे घट्ट वरण शिजे, शेजारी वांग्यांची झणझणीत भाजी रटरटत असे, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून ठेवलेले गव्हाचे जाडजूड रोडगे सावकाश भाजत असत. तूर आणि गहू रानडुकरांनी शेतांतून आणलेले असत. विचारून आणले होते की कसे, याची चौकशी आपण करू नये.

टोळी परतली की पंगत बसे. अस्वलीण वाढायला उभी राहिली की कुणाचे काही चालत नसे. "पुरे" म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक रोडगा पडे. "खा रे, लाजता कशाला? आगीपुढे लाजत नाही ते!" असे ती म्हणे आणि सारी टोळी हसे.

अस्वलिणीला एक नियम मात्र पाळावा लागे. टोळी कामावर गेली की म्हातारी जनावरे आणि पिल्ले तिच्या हवाली असत. चुलीत विस्तव आहे तोवर तिने ओढा सोडायचा नाही. सोडायचाच झाला, तर आधी माती घालून चूल पार विझवायची. हा नियम गव्याने घालून दिला होता. त्याचे वासरूही ओढ्याकाठीच असे. त्या वासराची आई वाघाने नेली होती, आणि गव्याला त्याच्यावाचून दुसरे कुणी नव्हते.

त्या वर्षीचा उन्हाळा मात्र सगळ्यांच्या मुळावर आला. ओढा आटून नुसती डबकी उरली. पानगळ झाली ती गुडघाभर. एका अंगाची आग विझवावी तर दुसऱ्या अंगाला धूर दिसे. वानरांच्या तळव्यांची कातडी सोलून निघाली, रानडुकरांचे सुळे झिजले. एक म्हातारे सांबर पंगतीत बसल्या बसल्या तोंडात घास धरून झोपी गेले आणि पुन्हा उठले नाही. अस्वलिणीनेच तो घास त्याच्या तोंडातून काढला. त्या दिवशी तिने जो धसका घेतला, तो घेतलाच. हे रान आता काही वाचत नाही, असे तिला मनोमन वाटू लागले. रान वाचवणे तिच्या हाती नव्हते, जेवू घालणे तेवढे होते. निदान ही पोरे उपाशीपोटी तरी मरू नयेत, एवढेच तिचे मागणे उरले.

एके दिवशी टोळी नुकतीच पानांवर बसली होती. पहिल्या पंगतीचे रोडगे वाढून झाले होते, दुसऱ्या, म्हणजे संध्याकाळच्या पंगतीचे तिने आताच मंद निखाऱ्यांत पुरले होते, ते दिवसभर भाजायचे होते. तेवढ्यात कावळा ओरडत आला. "टेकडीपलीकडे आग! बांबूच्या बनाला लागतेय!"

टोळी भरल्या पानांवरून उठली. कुणाच्या तोंडात घाससुद्धा गेला नव्हता. गवा जाता जाता वळून म्हणाला, "मावशी, नियम ध्यानात आहे ना?"

"आहे रे बाबा, आहे. तू जा आता."

दुपार कलली तरी टोळीचा पत्ता नव्हता. कावळा पुन्हा आला तेव्हा त्याचाही घसा बसला होता. "आग आटोक्यात येतेय," तो म्हणाला, "पण एक डुक्कर चक्कर येऊन पडलंय. बाकीच्यांचे पाय लटपटतायत. सकाळपासून पोटात काही नाही कुणाच्या."

अस्वलिणीने वाढलेल्या पानांकडे पाहिले. तिला ते म्हातारे सांबर आठवले. तिने वरणाचे मडके पाठीला बांधले, रोडगे पळसाच्या पानांत गुंडाळले आणि निघाली.

डबक्याच्या काठावरून म्हातारे कासव म्हणाले, "जायचं तर जा, मावशी, पण चूल विझव."

"आत रोडगे आहेत. आता विझवली तर कच्चे राहतील. संध्याकाळी दमून-भागून येतील, तेव्हा कच्चं पीठ वाढू का त्यांना?"

"पण नियम..."

"नियमाने पोट भरत नाही, बाबा. वरून राख सारलीय चांगली. ही गेले आणि ही आले."

कासवाने मान कवचात ओढून घेतली. वयाने मोठे असले तरी तेही तिच्याच हातचे खात होते, आणि वाढणाऱ्याशी वाद घालायला सगळेच कचरतात.

टेकडीपलीकडे आग विझली होती. टोळी काळ्या जमिनीवर जिथल्या तिथे आडवी झाली होती. वरणाचा वास आला तशी ती एकेक करून उठली. अस्वलिणीला समोर पाहून गव्याने पहिली गोष्ट विचारायची ती विचारली नाही. भुकेल्याला अन्नापुढे दुसरे काही दिसत नाही, त्यालाही दिसले नाही. त्याने रोडगा मोडला, वरणात कुस्करला आणि मान खाली घालून खाऊ लागला. पडलेले डुक्करही उठून बसले. वानरे सोललेल्या तळव्यांनी पाने चाटूनपुसून खात होती.

"मावशी, जीव आला गं!" एक वानर म्हणाले.

अस्वलीण रडली. त्या उन्हाळ्यात तिला पहिल्यांदाच बरे वाटले होते. "खा, खा," ती म्हणत राहिली. "आणखी आहे."

पोट भरल्यावर गव्याने मान वर केली. "माझं वासरू जेवलं का?"

"त्याला तर सगळ्यांच्या आधी भरवलं."

"आणि चूल? विझवलीस ना?"

"राख सारून आलेय," अस्वलीण म्हणाली, "आत रोडगे होते ना रे..."

गवा ताडकन उठून टेकडी चढू लागला, मागोमाग सारी टोळी. वारा मघापासून ओढ्याच्या दिशेने सुटला होता. टेकडीच्या माथ्यावरून सगळ्यांना एकदमच दिसले. ओढ्यावर धूर होता, आणि त्याच्या बुडाशी लाल रेघ सरकत होती.

ती सारी जीव खाऊन धावली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या आगीकडे धावणारी टोळी आज आपल्या घराकडे धावत होती, आणि भरल्या पोटाने तिला धावता येत नव्हते. ती पोचली तेव्हा विझवायला काही उरले नव्हते. निखाऱ्यांवरची राख वाऱ्याने उडाली होती, निखारा पाचोळ्यात गेला होता, आणि तो पाचोळा सगळ्यांच्या पायांखाली होता.

मुलांनो, गोष्ट सांगणाऱ्याला शेवट गोड करायची खोड असते. इथे एखादे पिल्लू कपारीतून धडधाकट बाहेर काढावे, असे मलाही फार वाटते. पण तसे झाले नाही. डबक्याच्या चिखलात रुतलेले कासव तेवढे वाचले. ते म्हणाले, "आम्ही हाका मारल्या. पण माती लोटायला कुणाच्या अंगात बळ होतं? म्हाताऱ्यांना उठवेना, पिल्लांना कळेना." मग गव्याकडे न पाहता ते म्हणाले, "तुझं वासरू पळालं नाही. तुझं बघून बघून शिकलं होतं ते. शेवटपर्यंत खुराने माती लोटत होतं."

गवा वासरापाशी जाऊन बसला. रानडुकरे आपापली पिल्ले शोधत हिंडत होती आणि जिथे सापडतील तिथेच थांबत होती. ज्या जमिनीवर रोज पंगत बसे, तिथे चटका बसून पाय ठेववत नव्हता.

संध्याकाळी अस्वलीण गव्यापुढे येऊन उभी राहिली. मग ती जमिनीवर पडली आणि म्हणाली, "मला मार. शिंगं खुपस आणि मोकळी कर मला. एवढं कर माझ्यासाठी."

गव्याने तिच्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"कशी मारू?" तो म्हणाला. "तू दिसलीस तेव्हाच चुलीचं विचारायला हवं होतं मी. मी आधी रोडगा मोडला. माझं लेकरू इथे माती लोटत होतं आणि मी तिकडे पोटभर जेवत होतो. तुझं अन्न अजून पोटात आहे, मावशी. ते असताना तुला कशी मारू?"

अस्वलीण तशीच पडून राहिली. सकाळी उरलेली टोळी एकेक करून निघून गेली, कुणी या दिशेला, कुणी त्या. पुढच्या उन्हाळ्यात रानाच्या दुसऱ्या टोकाला वणवा लागला, तेव्हा कावळा पुष्कळ ओरडला, पण विझवायला कुणी आले नाही.

तात्पर्य : जिवलगांच्या भुकेपायीही विस्तव राखण्याची जागा सोडू नये, आपण मायेने गेलो होतो, हे विस्तवाला कळत नाही.