राजतिलक झालेले ग्राफिक्स कार्ड

सोनगिरीच्या प्रतापभानू महाराजांच्या ग्राफिक्स कार्डाला त्यांच्याच संगणकाने ओळखण्याचे नाकारले, तेव्हा दरबारात अशी शांतता पसरली की जणू शेजारच्या राजाने युद्धच पुकारले असावे.

तसे महाराजांनी आयुष्यात कधी तलवार उपसली नव्हती. संगणकावर मात्र त्यांनी अर्धी पृथ्वी जिंकली होती. उरलेली अर्धी जिंकताना शत्रूचे घोडे पडद्यावर अडखळू लागले, म्हणून चित्रे सरसर उमटवणारे जोमदार कार्ड हवे झाले. नवे घेण्याइतके मन मोठे नसल्याने महाराजांनी शेजारच्या युवराजाने वापरून टाकलेले आणवले आणि मुहूर्त पाहून स्वहस्ते संगणकात बसवले. संगणकाने मात्र, असे कोणतेही कार्ड येथे आलेलेच नाही, असा जबाब दिला.

संगणककक्षाची व्यवस्था सगुणा पाहत असे. त्या कामापोटी राजवाड्याच्या आवारात तिला दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि म्हातारी आई तिच्याजवळ राहत होती. सगुणेने प्रथम वीज बंद केली, तारा तपासल्या, मग युवराजाचे कार्ड काढून त्या जागी जुने बसवले. जुन्याला संगणकाने तत्काळ ओळखले. म्हणजे संगणक शुद्धीवर होता. तिने युवराजाचे कार्ड खिडकीशी नेऊन उजेडात धरले आणि मुकाट्याने कपाळाला हात लावला.

झाले होते ते असे. वस्तू परक्या घरून आलेली, तेव्हा राजगुरू विद्याधरशास्त्री यांनी तिच्या शुद्धीसाठी यथासांग पूजा सांगितली. स्नानाऐवजी अक्षता वाहून भागवले, हे त्या कार्डाचे नशीब. गंध नेमके कोठे लावावे असा प्रश्न निघाला, तेव्हा शास्त्रीबुवांनी क्षणभर विचार करून कार्डाची सोनेरी कडा दाखवली. सोने जेथे आहे, मुख तेथेच असणार! त्याप्रमाणे महाराजांनी त्या कडेच्या सोनेरी दातांवर दोन्ही बाजूंनी चंदन थापले. त्याच दातांनी कार्ड संगणकाशी बोलते, हे त्या वेळी कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. आता ते चंदन वाळून घट्ट बसले होते.

सगुणेने हे अदबीने महाराजांच्या कानी घातले व गंध पुसण्याची परवानगी मागितली. शास्त्रीबुवा जागच्या जागी ताठ झाले. राजहस्ताने लावलेला टिळा पुसायचा? सोनगिरीत महाराजांनी ज्या सरदाराच्या कपाळी टिळा लावावा, तो सरदार आठवडाभर तोंड धूत नसे, आणि ही बाई पुसण्याची भाषा करते?

महाराजांनी निवाडा दिला. "सगुणे, आमचा टिळा कोणी पुसायचा नाही. दुसरं कार्ड विकत घ्यायचं नाही. आणि उद्या दरबारात संगणकानं हेच कार्ड ओळखलं पाहिजे. नाहीतर आईला घे आणि खोल्या रिकाम्या कर."

आईने रात्रीच भांडी बांधायला घेतली. सगुणेने ती पुन्हा फळीवर मांडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती चांदीच्या तबकात कार्ड घेऊन. कार्डाशेजारी पोरे वह्यांवर वापरतात तसले एक कोरे खोडरबर होते. महाराजांना मुजरा करून ती शास्त्रीबुवांकडे वळली.

"शास्त्रीबुवा, एक शंका आहे. देवाला काल लावलेलं गंध आज सकाळी आपण काय करता?"

"काय करता म्हणजे? उतरवतो आणि प्रसाद म्हणून कपाळी लावतो."

"म्हणजे पुसून टाकता?"

"अगं, काहीतरीच काय बोलतेस! पुसणं वेगळं, प्रसाद घेणं वेगळं."

"आणि प्रसाद कोणी घेतलाच नाही तर?"

शास्त्रीबुवांनी दाढी कुरवाळली. "तर पूजा अपुरी. फळ मिळत नाही."

"मग माझी शंका फिटली," सगुणा म्हणाली आणि तिने तबक महाराजांपुढे धरले. "महाराज, कार्डाची पूजा यथासांग झाली, पण प्रसाद कोणी घेतला नाही. फळ कसं मिळावं? प्रसाद आधी यजमानांचा."

महाराजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिले. शास्त्रीबुवांना स्वतःचेच बोलणे गिळता येईना. तेव्हा महाराजांनी हात पुढे केला. नाजूक मुखावरचा प्रसाद नखाने खरवडू नये, मऊ वस्तूने हलकेच घ्यावा, असे सुचवून सगुणेने त्यांच्या हाती खोडरबर दिले. महाराज घासू लागले. एक बाजू उजळली. प्रसाद अर्धा टाकू नये, म्हणून त्यांनी दुसरीही उजळली. मग प्रधानांपासून भालदारापर्यंत साऱ्या दरबाराने रांगेत उभे राहून, चंदन मिसळलेला खोडरबराचा चुरा भक्तिभावाने कपाळी लावला.

सगुणेने मऊ कुंचल्याने उरलेले कण झाडले, कार्ड खाचेत दाबले, वीज सुरू केली. पडदा उजळला आणि त्यावर कार्डाचे नाव उमटले. शत्रूचे घोडे वाऱ्यासारखे धावले आणि महाराजांनी उभ्या उभ्या एक किल्ला घेतला.

दुसऱ्या किल्ल्याच्या दाराशी मात्र त्यांचा हात थबकला.

"सगुणे, तू आमचा टिळा आमच्याच हातून पुसवून घेतलास."

"पुसायला मनाई आहे, महाराज. सोनगिरीत असं कोण करील?"

"बरं. मग कालपासून दोष कोणाचा होता? आमचा?"



"दोष कार्डाचा, महाराज. त्या युवराजाच्या घरी त्याला कोणी मानानं वागवलं नव्हतं. इथं आल्याबरोबर राजतिलक झाला. बिचाऱ्याची वाचाच बसली."

महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसले आणि शेवटी शास्त्रीबुवांनाही हसावे लागले. खोल्या सगुणेच्या नावे कायमच्या झाल्या. आणखी काय हवे ते माग, असे महाराज म्हणाले.

"एवढंच, महाराज," सगुणा म्हणाली, "यापुढं पूजा कार्डाच्या खोक्याची करावी. मान घ्यायला खोकं मोकळंच असतं."