टिल्लूंच्या वाफ्यातला मुळा

“पण बाबा, रोज थोडं थोडं दिलं तर बिघडलं कुठं?”

टिल्लूसाहेब पत्र्याचं टमरेल हातात धरून विचारत होते. टमरेलात पाणी.

बाबा मुळ्याच्या वाफ्याशेजारी ऊन खात बसले होते. डोळे मिटलेले.

“पाळी नवव्या दिवशी,” बाबा म्हणाले.

“ती पाटाच्या पाण्याची. हे माझ्या वाटणीचं, प्यायचं. मी तहान मारून देतोय.”

बाबांनी पाय उन्हात लांब केले.

“म्हणजे चालेल ना?”

“तुझं पाणी. तुझा वाफा. तुझी तहान.”

टिल्लूंनी हा होकार धरला. शिकलेल्या माणसाला नकार कळायला वेळ लागतो.

आमचा मठ बर्फाच्या डोंगराखाली. सात महिने गोठायचं, उरलेल्या दिवसांत जे काय पिकेल ते पिकवायचं. उन्हाळ्यात इथं पाऊस नाही. थेंब नाही. वरचं बर्फ उन्हानं वितळतं, ते पाटानं खाली येतं, तेवढंच पाणी. त्या साली थंडीत बर्फच कमी पडलं होतं. म्हणून गावानं पाळ्या लावल्या. मठाची पाळी नवव्या दिवशी, दुपारी. त्या दिवशी पाट सगळ्या वाफ्यांतून कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत फिरवायचा, आणि मग पुढच्या पाळीपर्यंत विसरायचं.

बाबा मूळचे परभणीकडचे. चाळीस वर्षांमागं चालत आले आणि परत चालायचा कंटाळा केला. मी त्यांची चूल सांभाळतो; मला सगळे मामा म्हणतात.

टिल्लूसाहेब पुण्याचे. विम्याच्या हापिसात मोठ्या खुर्चीवर होते. गच्चीवर गुलाब, प्रदर्शनात सात वेळा पहिला नंबर. हे सगळं त्यांनी पहिल्या दिवशी, मी भात वाढायच्या आत सांगितलं. भात गार झाला.

आले होते मंत्र घ्यायला. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणाले. हे मात्र हळू बोलले.

बाबांनी त्यांना एक वाफा दाखवला होता. दोन बाजूंना दगडी भिंत, एवढासा.

“घाट बंद व्हायच्या आत यातला एक मुळा माझ्या ताटात वाढ. मग देतो.”

“मुळा?” टिल्लू हसले. “बाबा, अहो मी गुलाब…”

“मुळा.”

“आणि नाही आला तर?”

“शेवटचा ट्रक आहेच.”

झालं. तेव्हापासून रोज पहाटे माकडटोपी घालून टिल्लू वाफ्याशी हजर. दात वाजताहेत. टमरेलात बर्फाचा पापुद्रा धरलेला, तो बोटानं फोडायचा, सूर्याकडे तोंड करायचं आणि पाणी सोडायचं. उभ्यानंच. उजवा गुडघा वाकत नव्हता. तीस वर्षं गच्चीवर असंच करत आलो, म्हणाले.

गुडघ्यासाठी मी रोज संध्याकाळी मोहरीच्या तेलात लसूण तळून द्यायचो. साहेब चोळायचे. मठाला लोणच्याच्या बरणीचा वास.

“बाबा, गुडघ्यावर काही उपाय?” त्यांनी एकदा जेवताना विचारलं.

बाबांनी आणखी वरण मागून घेतलं.

महिन्याभरात टिल्लूंचा वाफा बघण्यासारखा झाला. पानं ही एवढाली, हिरवीगार. बाबांचे मुळे भिकारी दिसत. पानं आखूड, जमिनीला चिकटलेली.

“बाबा, राग नसावा,” टिल्लू म्हणाले, “पण तुमच्या वाफ्याकडे जरा बघायला हवं.”

“बघतो की.”

“झाडाला माया लावावी लागते हो.”

बाबांनी वाफ्यातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

“माझ्या गुलाबांशी मी बोलायचो.”

“काय म्हणायचे ते?”

मी आत जाऊन हसून आलो.

मग भाद्रपदाच्या अखेरीस, घाट बंद व्हायला आठवडा उरला असताना, ढग आले.

टिल्लू स्वयंपाकघरात धावत आले. धावत म्हणजे एका पायावर. “मामा, बाहेर या! ढग! अहो, काळे ढग! सुटलो आपण!”

बाहेर अंगणात पाणी वाटणारी यांगझोम आजी उभी होती. तिनं वर बघितलं आणि थुंकली.

“हिला काय झालं?” टिल्लू म्हणाले.

“साहेब, इथले ढग पडत नाहीत. नुसते बसतात. ऊन झाकलं, की बर्फ वितळायचं थांबलं. बर्फ थांबलं, की पाट आटला.”

“म्हणजे… ढग आले की पाणी जातं?”

“जातं.”

टिल्लूंनी जोडलेले हात हळूच खाली घेतले.

ढग पाच दिवस बसले. मधेच आमची पाळी आली आणि गेली. पाटात नुसते गोटे. प्यायच्या पाण्याचीही ओढ पडली, तेव्हा मी टिल्लूंचं टमरेल चुलीमागं टांगून टाकलं. काढाल तर जेवण बंद, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाफ्यानं माना टाकल्या. चौथ्या दिवशी सगळा वाफा आडवा. शेजारी बाबांचे भिकारी मुळे उभे. जसेच्या तसे.

टिल्लू तरातरा बाबांपुढं आले.

“बाबा, स्पष्ट बोलतो. तुम्ही चोरून पाणी घालता.”

बाबा उठले. आपल्या वाफ्यात बसले, बोटांनी माती उकरली, एक मुळा उपसला. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा. मग टिल्लूंच्या वाफ्यातला एक नुसता दोन बोटांनी उचलला. उपटावा लागलाच नाही. खाली उंदराची शेपटी, आणि बाकी सगळी मुळं वरच्या वर, झिपऱ्या सोडल्यासारखी पसरलेली.

दोन्ही त्यांनी टिल्लूंच्या हातांत ठेवले. एकात एक, दुसऱ्यात एक.

टिल्लूंनी उंदराची शेपटी वर धरली.

“हा खाली का नाही गेला?”

“पाणी वरनं यायचं ना रोज. खाली कशाला जाईल?”

“पण मी स्वतः तहानलेला राहून…”

“हां.”

टिल्लूंनी माकडटोपी काढली. दगडावर टेकले. एकदम म्हातारे दिसायला लागले.

“उद्याचा ट्रक शेवटचा ना, मामा?”

“शेवटचाच.”

“मग बॅग भरतो. घरी जाऊन… बघू काय ते.”

“बॅग नंतर,” बाबा म्हणाले. “आधी वाफा रिकामा कर. पाला मामाला दे. भाजी होईल.”

भाजी! मेलेल्या पाल्याची! पण बाबांपुढं बोलतो कोण.

टिल्लू ओणव्यानं एकेक रोप उचलत गेले. शेवटी भिंतीकडचा कोपरा उरला. तिथं हात पोचेना. गुडघा वाकेना. मी जागचा हललो नाही. माझं वरण चुलीवर होतं.

मग विम्याचे मोठे साहेब पोटावर आडवे झाले आणि सरपटत कोपऱ्यात गेले.

“मामा, हे एक उभं आहे!”

“उपटा.”

“येत नाहीये!”

“दोन्ही हातांनी.”

त्यांनी उठून बसत, भिंतीला पाय लावून जोर केला. मुळा सुटला आणि साहेब उताणे. पाय आभाळाकडं. छातीवर हातभर मुळा, पांढराशुभ्र.

तसेच पडून राहिले.

“हा… हा मी लावला होता?”

“लावलात तुम्हीच. पाणी तेवढं नाही घातलंत. गुडघा वाकत नाही, म्हणून तुमचं टमरेल तिथवर पोचत नव्हतं. त्याला काय मिळालं ते पाटाचं, नवव्या दिवशी.”

टिल्लूंनी बाहीनं मुळ्याची माती पुसली.

दुपारी त्यांनी स्वतः मुळा चिरला, मीठ लावलं, बाबांच्या ताटात वाढला. बाबांनी सावकाश चावून खाल्ला.

“तिखट आहे,” म्हणाले. आणि हात न धुताच टिल्लूंच्या कानाशी वाकले.

काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. टिल्लूंचे डोळे भरले. मुळाही तिखट होताच.

दुसऱ्या सकाळी ट्रक भोंगा मारत होता. टिल्लूंनी बाबांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर अडकले, मी ओढून सरळ केले. एक पाय पायरीवर ठेवला आणि परत वळले.

“बाबा, एवढंच सांगा. रोज किती वेळा म्हणायचा? पहाटे बरा की तिन्हीसांजेला? मी अगदी नेमानं, एक दिवस न चुकता…”

बाबांनी त्यांच्या गुडघ्याकडं बघितलं.

“तेल लावू नकोस त्याला.”