चाळीस पावलांवरची भाकरी

तालुक्याच्या एका गावात एक कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात उखर्डू नावाचा एक भोळा शिपाई होता. त्याला जे सांगावं तेच तो करी. त्याच्यात एवढाच दोष होता. एकदा त्याला म्हणाले, घंटेकडे लक्ष ठेव. तो दिवसभर घंटेकडे बघत बसला. वाजवली नाही. वाजव असं कुणी म्हटलंच नव्हतं.

त्या कॉलेजला सोनगीरकर नावाचे प्राचार्य होते. त्यांना समाजाबद्दल फार कळवळा होता. समाज दारात आला की मात्र ते मीटिंगमध्ये असत.

एक दिवस वरून पत्र आलं. अभ्यासाशिवायही मुलांच्या गरजा असतात. जेवण असतं, खोली असते, आजारपण असतं. त्यासाठी कॉलेजनं मुलांची आणि गावातल्या माणसांची गाठ घालून द्यावी. सरांनी पत्र दोनदा वाचलं. एकदा काय करायचं ते बघायला आणि एकदा कुठल्या तारखेच्या आत ते बघायला. मग बोर्ड रंगवून घेतला, ‘विद्यार्थी स्नेहबंध केंद्र’. फीत कापली. चाळीस मिनिटं भाषण केलं. भाषणात दोनदा डोळे पुसले. प्राध्यापकांपैकी कुणालाच वेळ नव्हता, म्हणून केंद्राच्या टेबलाशी उखर्डूला बसवलं.

पहिल्याच दिवशी रमिला पावरा आली. डोंगरातल्या पाड्यावरची मुलगी, शास्त्र शाखेचं पहिलं वर्ष. वसतिगृहाचा आचारी सोडून गेला होता. दुपारचं जेवण कसंबसं मिळे, संध्याकाळचं बंद. संध्याकाळी ती पाणी पिऊन अभ्यासाला बसे.

“दिवाळीला बाप येणार आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “तो सांगून गेलाय, वाळलेली दिसलीस तर परत नेईन. उपाशी राहायला डोंगर काय वाईट होता, म्हणाला. मला जायचं नाही भाऊ.”

दिवाळीला दीड महिना होता.

आता कॉलेजच्या फाटकासमोरच कौतिकबाई राहत होती. एकटीच. तिची लेक वारून दोन वर्षं झाली होती, पण परातीत पीठ घेताना हात अजून दोघींचं पीठ घेई. उरलेली भाकरी सकाळी गाईला जाई. फाटकापासून तिचा ओटा चाळीस पावलं. म्हणजे भाकरी इकडे उरत होती आणि भूक तिकडे होती, आणि मधे केंद्र होतं.

उखर्डू सरांना विचारायला गेला. “सर, एका पोरीला संध्याकाळचं जेवण पाहिजे. गावातलं माणूस कसं शोधू?”

सर फोनवर होते. म्हणाले, “अरे, गावाला कळव की!”

उखर्डूनं गावाला कळवलं. मारुतीच्या पारावर भोंगा होता. तो सुरू करून त्यानं तीनदा सांगितलं, “रमिला पावरा, पहिलं वर्ष, वसतिगृह, खोली नंबर चार. ही मुलगी रोज संध्याकाळी उपाशी असते. गावकऱ्यांनी नोंद घ्यावी.”

गावानं नोंद घेतली. पानटपरीवरच्या पोरांनी जास्तच घेतली. रमिला दोन दिवस खोलीबाहेर पडली नाही. कौतिकबाई ताट घेऊन गेली, तर दार आतून बंद.

“मी जेवले मावशी,” आतून आवाज आला.

“काय जेवलीस गं?”

कौतिकबाई भरलं ताट तसंच घेऊन परत आली.

सरांनी उखर्डूला बोलावलं. “अरे दगडा! गरजूचं नाव असं चव्हाट्यावर मांडतात? कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. तोंड उघडायचं नाही!”

“बरं सर. तोंड उघडायचं नाही.”

चारच दिवसांनी अस्लम पिंजारी कबड्डी खेळताना पडला. पाय मोडला. केंद्रामार्फत त्याला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला होता, त्यानं प्लास्टर घातलं. उखर्डूला दाराशी बसवलं. दुपारच्या एसटीनं अस्लमची आई धावत आली.

“भाऊ, तुम्ही कॉलेजचे ना? माझा अस्लम कुठंय?”

उखर्डूनं ओठ घट्ट मिटले.

“अहो, मी त्याची आई. त्याला काय झालंय?”

उखर्डूनं मान फिरवली.

“जिवंत आहे का, एवढं तरी सांगा!”

उखर्डूनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्याचं ते रूप बघून बाईनं जे समजायचं ते समजून घेतलं आणि पायरीवर बसून हंबरडा फोडला. भिंतीपलीकडे अस्लम चहात बिस्कीट बुडवून खात होता. तासाभरानं त्याला रडणं ओळखीचं वाटलं. त्यानं हाक मारली, “अम्मी?”

सरांनी कपाळावर हात मारला. “अरे, कुणी पोराला भेटायला आलं तर त्याला हाताला धरून आत न्यायचं. पोराच्या पुढ्यात उभं करायचं. दार ओढून घ्यायचं. दोघांना निवांत बोलू द्यायचं!”

“बरं सर. दार ओढून घ्यायचं.”

पुढच्या आठवड्यात भगवान पैलवान आला. त्यानं केंद्राच्या सांगण्यावरून निलेश नावाच्या मुलाला आपल्या गोठ्याशेजारची खोली राहायला दिली होती. निलेशनं तिथं ढोलपथकाची तालीम सुरू केली आणि पैलवानाच्या म्हशीनं दूध देणं बंद केलं. पैलवानाच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं.

“निलेश कुठंय?”

“या ना,” उखर्डू म्हणाला. त्यानं पैलवानाला हाताला धरून वाचनालयाच्या मागच्या खोलीत नेलं. निलेशच्या पुढ्यात उभं केलं. दार ओढून घेतलं. वर कडीही लावली, कारण वाऱ्यानं दार उघडत होतं.

एक प्राध्यापक धावत आले. “उखर्डू, आत काय चाललंय? कोण ओरडतंय?”

“निवांत बोलताहेत सर.”

निलेश पुढे आठवडाभर उभ्यानं जेवला.

“अरे गाढवा!” सोनगीरकर सर किंचाळले. “कुणालाही असं आत सोडायचं? आधी लिहून घ्यायचं. नाव, गाव, काम. तीन प्रती. माझी सही झाल्याशिवाय या केंद्रातून काही म्हणता काही पुढे जाता कामा नये!”

“बरं सर. काही म्हणता काही नाही.”

इकडे कौतिकबाईच्या डोक्यातून ते बंद दार जात नव्हतं. सरळ ताट नेलं तर पोर लाजते, हे तिला कळलं होतं. कॉलेजकडून आल्यासारखा डबा मिळाला तर घेईल, असा तिनं विचार केला. भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, ठेचा घातला आणि डबा घेऊन ती केंद्रात आली.

“नाव?” उखर्डूनं विचारलं.

“अरे उख्या, तुझ्या लग्नात तुला हळद मी लावली. मला नाव विचारतोस?”

“गाव?”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ते बघ, समोर दिसतंय माझं घर.”

“काम?”

“पोरीला भाकरी द्यायची.”

“तीन प्रती लागतील.”

कौतिकबाईनं डब्याचं झाकण उघडलं. “मोज. तीनच आहेत.”

उखर्डूनं मोजल्या. बरोबर तीन. त्यानं डबा ठेवून घेतला आणि सहीसाठी कपाटात घालून कुलूप लावलं. सर जिल्ह्याला परिसंवादाला गेले होते. विषय होता ‘विद्यार्थी आणि समाज: संवादाच्या नव्या दिशा’. तो चार दिवस चालला.

आणखी चार संध्याकाळी रमिला नुसतं पाणी प्यायली. तिच्या गळ्याखालची हाडं आता ओढणीतूनही दिसायला लागली होती. दिवाळी आठवड्यावर आली होती.

सर परतले तेव्हा भरताचा वास जिन्यापर्यंत उतरला होता. सरांनी नाकाला रुमाल लावून कपाट उघडायला लावलं आणि रुमालाआडूनच ओरडले, “अरे, देणारा दारात आला की त्याला अडवतात? त्याला मान द्यायचा! हार घालायचा, खुर्चीत बसवायचं!”

“आणि मागणारा आला तर सर?”

“त्याला खाली सतरंजीवर रांगेत बसवायचं आणि वाढायचं.”

“पण सर, कोण देणारा नि कोण मागणारा, चेहऱ्यावरून कसं ओळखू?”

“चेहरा कशाला बघतोस? हात बघ! हातात काही असेल तो देणारा. हात रिकामे तो मागणारा. आणि नीट ऐक. शनिवारी समिती येतेय केंद्र बघायला. कौतिकबाईला स्वयंपाकाचं सांग. मुलं सतरंजीवर बसतील, वाढताना फोटो काढायचा. सतरंजीवर जेवतील त्यांची यादी कर. समितीची सही घे आणि लगेच वर पाठवून दे. जमेल?”

“हात बघायचे,” उखर्डू म्हणाला. “जमेल.”

शनिवारी कॉलेजच्या मंडपात खुर्च्या मांडल्या, सतरंजी अंथरली. समोरून कौतिकबाई निघाली. साठ माणसांचं जेवण एकटीला उचलणार कसं? तिनं वसतिगृहाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या रमिलाला हाक मारली. “ए पोरी, तुझ्यावर उपकार नाही करत मी. माझा हात दुखतोय. भरताचं पातेलं धर.” मावशीला मदत करायची म्हटल्यावर रमिला लाजली नाही. तिनं पातेलं धरलं. तिचं बघून अस्लमनं कुबडी सावरत मिठाचा डबा घेतला. निलेशनं भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेतली. बाकीच्या पोरांनी हंडे, परात, पत्रावळी, मिळेल ते घेतलं.

उखर्डू मंडपाच्या तोंडाशी हार घेऊन उभा होता. त्यानं हात बघितले. सगळ्यांचे भरलेले. त्यानं सामान उतरवून घेतलं, एकेकाला हार घातला आणि खुर्चीत बसवलं.

तेवढ्यात खांद्यावर अर्धं पोतं मका घेऊन एक उंच, काळासावळा माणूस आला. तो दिवाळीला म्हणून आलेला रमिलाचा बाप, दित्या पावरा. पोरीला जो कुणी जेवू घालत असेल त्याच्यासाठी त्यानं मका आणला होता. खुर्च्या संपल्या होत्या. उखर्डूनं सरांच्या केबिनमधली पांढऱ्या टॉवेलाची खुर्ची आणली आणि त्याला तिच्यात बसवलं. सगळ्यात मोठा हारही त्यालाच घातला.

मग समितीची गाडी आली. पांढऱ्या सफारीतले अध्यक्ष, काळ्या चष्म्यातल्या एक बाई आणि तिसरे एक गृहस्थ, ज्यांची वही खिशात होती. सरांनी पुष्पगुच्छ दिले. ते नेहमीसारखे लगेच ड्रायव्हरच्या हातात गेले. सर हात जोडून पुढे पुढे चालत होते.

उखर्डूनं आधी ड्रायव्हरला हार घातला. मग उरलेल्या चौघांचे हात बघितले.

“खाली बसा,” तो म्हणाला.

“ही काय पद्धत?” अध्यक्षांनी विचारलं.

“सतरंजीवर साहेब. रांगेत.”

“उख्या!” सर दातओठ खात म्हणाले.

“सर, तुमचे हात?”

सरांनी नकळत हात पुढे केले. रिकामे.

“बसा सर.”

अध्यक्ष सरांकडे बघत होते. सरांना दरदरून घाम फुटला. “हा... हा आमचा प्रयोग आहे सर. मातीशी नातं.”

प्रयोग म्हटलं की अध्यक्षांना बरं वाटे. ते बसले. ते बसले म्हणून बाकीचे बसले. तीन तासांचा प्रवास झाला होता. कौतिकबाईनं वाढलं आणि चौघं भाकरीवर तुटून पडले.

वर खुर्चीत दित्या मात्र पोरीकडे बघत होता. हारातूनही तिची हाडं त्याला दिसली.

“वाळलीस,” तो म्हणाला. “चल. सामान घे. दोनची गाडी आहे.”

रमिलानं मान खाली घातली. कौतिकबाईच्या हातातली पळी थांबली.

“भाऊ,” ती म्हणाली, “दोष तिचा नाही. माझं घर समोर आहे, चाळीस पावलांवर. मधे हे केंद्र उघडलं म्हणून ओळख व्हायला सव्वा महिना लागला. आता झाली. ती संध्याकाळची माझ्याकडे जेवेल. माझ्या चुलीपुढे दोन पाट आहेत, एक रिकामाच असतो.”

दित्यानं तिच्याकडे बघितलं. मग खाली रांगेकडे बोट केलं. “हे कोण?”

“हे गरजू,” उखर्डू म्हणाला.

“तो पांढऱ्या कपड्यातला?”

“तोही.”

“आणि तो घामाघूम झालेला?”

“हे आमचेच आहेत.”

त्याच वेळी अध्यक्षांनी चौथी भाकरी मागितली. दित्यानं ते बघितलं.

“एवढी भरल्या अंगाची माणसं या बाईच्या भाकरीसाठी खाली बसतात,” तो पोरीला म्हणाला. “मग राहा तू.” आणि मक्याचं पोतं उचलून तो कौतिकबाईच्या ओट्याकडे निघाला.

त्या संध्याकाळपासून रमिला रस्ता ओलांडून जेवायला जाते. कुठल्याही यादीत तिचं नाव नाही.

यादीत चार नावं होती. सतरंजीवर जेवलेल्यांची यादी कर, असं सरांनी सांगितलं होतं, आणि उखर्डूनं सुवाच्य अक्षरात केली होती. तीन समितीचे, चौथे प्राचार्य सोनगीरकर. गरज, पोटभर जेवण. शेरा, पूर्ण झाली. अध्यक्षांनी हात पुसत पुसत सही ठोकली, कारण वाचून सही करायची त्यांना सवय नव्हती. उखर्डूनं यादी लगेच वर पाठवली.

महिन्यानं वरून उत्तर आलं. वरच्यांनाही वाचायची सवय नव्हती. केंद्राचं काम आदर्श आहे. चारही गरजूंना वर्षअखेरपर्यंत दर शनिवारी असंच जेवण मिळावं. प्राचार्यांनी त्याची व्यक्तिशः खात्री करावी आणि फोटो पाठवावा.

आता दर शनिवारी समितीची गाडी येते. चौघं रांगेत बसतात. समोर उखर्डू मोबाइल धरून उभा असतो. गरजू माणसं फोटोत समाधानी दिसली पाहिजेत, असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलंय.

“सर,” तो म्हणतो, “हसा.”