न घेतलेल्या यंत्राची तक्रार

आमच्या जिमखान्याच्या मैदानावर त्या काळी गवतकापणीचं यंत्र बैल ओढायचा. हिरवळ खराब होऊ नये म्हणून त्याच्या खुरांना चामड्याचे बूट असायचे. तो निघाला की आम्ही खेळ थांबवून बघत राहायचो. तो थकला, तेव्हा बसून चालवायचं इंजिनवालं यंत्र घ्यायचं ठरलं.

सभेत अध्यक्ष दादासाहेब निंबाळकर गरजले, "मुंबईच्या शोरूममधलं विलायतीच येणार! पटत नसेल त्यानं राजीनामा द्यावा."

चिटणीस कुमुदताई सबनीस म्हणाल्या, "आधी दोन फोन करू द्या."

सगळ्यांसमोर त्यांनी मुंबईला फोन लावला. "अहो, तुमचं गवत कापायचं यंत्र भर मैदानात बंद पडलंय!"

"तक्रार लेखी पाठवा. मेकॅनिकचं पुढच्या महिन्यात बघू."

मग त्यांनी गावातल्या शिकलगारांना तेच सांगितलं. ते साध्या देशी कंपनीची यंत्रं विकायचे. सभेचा चहा यायच्या आत त्यांची स्कूटर दारात! हातात पान्यांची पिशवी.

"ताई, आमच्याकडून घेतल्याचं आठवत नाही, पण कुठंय यंत्र? दाखवा."

दादासाहेब उखडले, "न घेतलेलं यंत्र बंद पडलं म्हणून सांगता?"

"दादासाहेब, कधीतरी ते बंद पडणारच. म्हटलं, घ्यायच्या आधीच पाडून बघावं."

तेवढ्यात चहा आला. दादासाहेबांनी आपला कप शिकलगारांपुढे सरकवला.

शिकलगारांकडून घेतलेलं यंत्र पुढे अनेकदा बंद पडलं, पण मैदानात गवत कधी माजलं नाही. आजही कापलेल्या गवताचा वास आला की मला आधी ती स्कूटर ऐकू येते.